व्हेलेरोच्या एपीआयने कंटेनरमधल्या डेटाचा बॅकअप: कोकणात सर्व्हर सांभाळणाऱ्या नवशिक्यांसाठी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला गेलं आणि जाताना सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली वीज घालवून गेलं. त्याच पावसाळ्यात, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच खोलीत असेल, तर दोन्ही एकदम जातात. म्हणून कोकणात बॅकअपचा विचार करताना पहिला प्रश्न हा की प्रत इमारतीबाहेर, शक्यतो किनाऱ्यापासूनही लांब, कशी न्यायची. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: ती खरंच तिथे पोचली, हे कसं कळणार?

हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याच्याकडे एक लहानसं कुबरनेटीस क्लस्टर (कंटेनरमध्ये बांधलेली ॲप चालवणारा सर्व्हरांचा संच) आहे आणि त्यात कोणाचा तरी जिव्हाळ्याचा डेटा आहे. समजा, देवगडच्या काही आंबा बागायतदारांनी मिळून ऑनलाइन विक्री सुरू केली आहे. ऑर्डरी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातात, बागेचे आणि पेट्यांचे फोटो दुसऱ्या व्हॉल्यूमवर, म्हणजे ॲपला जोडलेल्या साठवणीच्या वेगळ्या भागावर. मार्च ते मे एवढाच हंगाम. त्यात दोन दिवसांच्या ऑर्डरी हरवल्या, तर वर्षाचं नुकसान. हेच उदाहरण पुढे धरू.

साधन म्हणून मी व्हेलेरो निवडलं आहे. कुबरनेटीसमधल्या नोंदी आणि डेटा यांचा बॅकअप घेणं आणि तो परत आणणं (रिस्टोअर) हे त्याचं काम. ते मुक्तस्रोत आहे. आधी हेप्टिओ कंपनीने ते आर्क या नावाने काढलं होतं, २०१९ मध्ये त्याचं नाव व्हेलेरो झालं. नवशिक्याला सोयीची गोष्ट ही की त्याचा एपीआय, म्हणजे प्रोग्रामने विनंत्या पाठवायचा मार्ग, वेगळा शिकावा लागत नाही. बॅकअप, रिस्टोअर, शेड्यूल हे सगळे कुबरनेटीसमधलेच ऑब्जेक्ट, म्हणजे क्लस्टरने सांभाळलेल्या नोंदी, असतात. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) तयार करायला जशी विनंती पाठवता, तशीच बॅकअपसाठी पाठवायची.

पण याच सोयीत एक फसगत दडलेली आहे. एपीआयला विनंती पाठवली की २०१ असा कोड येतो, आणि नवखा माणूस समजतो की बॅकअप झाला. त्याचा अर्थ एवढाच, की विनंतीची नोंद झाली. आंब्याची पेटी एसटीच्या पार्सलला दिल्यावर पावती मिळते, तसं हे. पेटी दादरला उतरली का, हे पावती सांगत नाही. काम नंतर मागे चालतं आणि त्याचा निकाल ऑब्जेक्टच्या स्टेटसमध्ये लिहिला जातो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे स्टेटस वाचायची सवय लावून घ्यायची आहे.

पायरी १: डेटा नेमका कुठे आहे ते बघा

कंटेनरच्या स्वतःच्या फाइल सिस्टिममध्ये लिहिलेलं सगळं कंटेनर बदलला की जातं. टिकतं ते पर्सिस्टंट व्हॉल्यूमवरचं. ॲप त्यावर हक्क मागतं ते पीव्हीसी या ऑब्जेक्टमार्फत. तेव्हा आधी सगळ्या नेमस्पेसमधल्या (क्लस्टरच्या नाव दिलेल्या कप्प्यांमधल्या) पीव्हीसींची यादी काढा आणि प्रत्येकापुढे त्याचा स्टोरेज क्लास, म्हणजे व्हॉल्यूम कोणत्या प्रकारे बनतो ते, लिहा. काही जण एट्सीडी या क्लस्टरच्या अंतर्गत डेटाबेसचा बॅकअप घेऊन निर्धास्त होतात. एट्सीडीत फक्त ऑब्जेक्टच्या नोंदी असतात. व्हॉल्यूमवरची एकही ऑर्डर त्यात नसते.

आता स्टोरेज क्लास बघा. त्यामागचा सीएसआय ड्रायव्हर (कुबरनेटीसला स्टोरेजशी जोडणारा प्रोग्राम) स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची एका क्षणाची प्रत, घेऊ शकत असेल, तर रस्ता सोपा आहे. कुबरनेटीसमध्ये व्हॉल्यूम स्नॅपशॉटची सोय १.२० या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, पक्की झाली. ड्रायव्हरसाठी व्हॉल्यूम स्नॅपशॉट क्लास बनवलेला असावा आणि त्यावर व्हेलेरोला ओळखू येणारं लेबल असावं.

लहान ठिकाणी मात्र बहुतेकदा के-थ्री-एस हे कुबरनेटीसचं हलकं रूप असतं आणि त्याचा मूळचा लोकल-पाथ स्टोरेज क्लास. इथे जरा थांबा, कारण सर्वांत जास्त डेटा इथेच निसटतो. लोकल-पाथला स्नॅपशॉट घेता येत नाहीत. शिवाय तो मुळात होस्टपाथ प्रकारचे (सर्व्हरवरच्या साध्या फोल्डरचे) व्हॉल्यूम बनवतो, आणि व्हेलेरोचा फाइल सिस्टिम बॅकअप (स्नॅपशॉटऐवजी फाइली वाचून घेतलेला) होस्टपाथ व्हॉल्यूम घेत नाही. लोकल प्रकारचे मात्र घेतो. त्यासाठी पीव्हीसी तयार करतानाच त्यावर व्हॉल्यूम टाइप लोकल असल्याचं ॲनोटेशन (ऑब्जेक्टला जोडलेली टीप) द्यावं लागतं. आधी बनलेला व्हॉल्यूम त्याने बदलत नाही. नवा पीव्हीसी बनवून डेटा त्यात हलवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते पावसाळ्याआधी उरकून घ्या. न केल्यास बॅकअप ‘कम्प्लीटेड’ दिसेल आणि आत ऑर्डरी नसतील.

पायरी २: प्रत ठेवायची जागा

स्नॅपशॉट बहुधा मूळ डेटा जिथे आहे त्याच स्टोरेजवर राहतो. चुकून टेबल पुसलं गेलं तर तो कामाला येतो, कार्यालयात कमरेएवढं पाणी आलं तर नाही. त्यामुळे डेटा तिथून उचलून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (नेटवरून फाइली ठेवायच्या जागेत; कुबरनेटीसच्या ऑब्जेक्टशी याचा संबंध नाही) न्यायलाच हवा. व्हेलेरो ॲमेझॉनच्या एस-थ्री पद्धतीच्या स्टोरेजशी बोलू शकतं, आणि प्लगिन लावून अझूरच्या स्टोरेजशीही. जागा निवडताना माझं मत स्पष्ट आहे: तुमचा सर्व्हर किनाऱ्यावर असेल तर प्रत किनाऱ्यावर ठेवू नका. मुंबईही त्याच समुद्रावर आहे. मायक्रोसॉफ्ट अझूरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे, ॲमेझॉनचं दुसरं भारतीय रीजन नोव्हेंबर २०२२ पासून हैदराबादला आहे. घाटावरच्या एखाद्या सहकाऱ्याच्या कार्यालयात स्वतःचं ऑब्जेक्ट स्टोरेज चालवलं तरी हरकत नाही, फक्त तिथली वीज आणि डिस्क यांची जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं असावं.

व्हेलेरोमध्ये या जागेला बॅकअप स्टोरेज लोकेशन म्हणतात. ते तयार केल्यावर त्याच्या स्टेटसमधला फेज, म्हणजे काम कोणत्या टप्प्यावर आहे ते, वाचा. ‘अव्हेलेबल’ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच पायरीवर आणखी एक काम. व्हॉल्यूममधल्या फाइली व्हेलेरो कोपिया नावाच्या साधनाने कूटबद्ध करून पाठवतं. त्याची किल्ली म्हणजे रिपॉझिटरीचा (कोपियाच्या साठ्याचा) पासवर्ड. तो तुम्ही दिला नाहीत तर व्हेलेरो सगळ्यांना सारखाच असलेला, उघड माहीत असलेला पासवर्ड वापरतं. म्हणून पहिला बॅकअप घेण्याआधी व्हेलेरोच्या नेमस्पेसमधल्या रिपॉझिटरीच्या सिक्रेटमध्ये (पासवर्ड ठेवायच्या ऑब्जेक्टमध्ये) स्वतःचा पासवर्ड घाला. तो क्लस्टरबाहेर दोन विश्वासू माणसांकडे ठेवा, स्टोरेजच्या ॲक्सेस कीसकट. क्लस्टरच बुडालं तर त्यातलं सिक्रेटही बुडालेलं असेल.

पायरी ३: स्क्रिप्टला बेताचाच अधिकार द्या

बॅकअप मागणाऱ्या स्क्रिप्टसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट बनवा. व्हेलेरोच्या नेमस्पेसपुरता एक रोल (हक्कांची यादी) द्या आणि त्यात बॅकअप या प्रकारावर तयार करणे, वाचणे, यादी काढणे एवढेच हक्क ठेवा. फाइल सिस्टिम बॅकअप किंवा डेटा अपलोडची प्रगती बघायची असेल तर त्या ऑब्जेक्टवर वाचण्याचा आणि यादी काढण्याचा हक्क पुरतो.

रिस्टोअर तयार करण्याचा हक्क या अकाउंटला कधीही देऊ नका. व्हेलेरो स्वतः पूर्ण क्लस्टरच्या अधिकाराने चालतं. त्याला रिस्टोअर करायला सांगू शकणारा माणूस आडवाटेने क्लस्टरचा मालक होतो. ते हक्क माणसाच्या हातात राहू द्या.

स्क्रिप्ट क्लस्टरमध्येच क्रॉनजॉब (ठरल्या वेळी चालणारं काम) म्हणून चालवली तर टोकन, म्हणजे ओळख पटवणारी किल्ली, पॉडमध्ये आपोआप मिळतं आणि वेळोवेळी नवंही होतं. बाहेरून चालवायची असेल तर थोड्या वेळाने संपणारं टोकन काढा. प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा पर्याय कर्लमध्ये (विनंती पाठवायच्या कमांडमध्ये) असतो, तो वापरू नका. क्लस्टरचं सीए प्रमाणपत्र फाइल म्हणून द्या.

पायरी ४: डेटाबेसला आधी सांगा

पोस्टग्रेस चालू असताना त्याच्या फाइली एकेक करून वाचल्या, तर पहिली फाइल एका क्षणाची आणि शेवटची दहा मिनिटांनंतरची असते. असा बॅकअप उलगडताना डेटाबेस उठेलच याची खात्री नाही. स्नॅपशॉटचं तसं नसतं. तो एकाच क्षणाचा असतो, आणि डेटा व लॉग एकाच व्हॉल्यूमवर असतील तर वीज गेल्यानंतर पोस्टग्रेस जसं स्वतःला सावरतं, तसं स्नॅपशॉटवरूनही सावरतं.

के-थ्री-एसवर फाइल सिस्टिम बॅकअपच घ्यावा लागणार, म्हणून डेटाबेसच्या पॉडवर एक प्री-हुक लावा. हुक म्हणजे बॅकअपच्या आधी त्या कंटेनरमध्ये चालवायची कमांड. पीजी-डम्प ही डेटाबेसची पूर्ण प्रत (डम्प) काढणारी पोस्टग्रेसची कमांड चालवून त्याची फाइल त्याच पॉडला जोडलेल्या एका वेगळ्या व्हॉल्यूमवर लिहायची, आणि बॅकअप त्या व्हॉल्यूमचा घ्यायचा. हुकला मुळात ३० सेकंदांचीच मुदत असते. हंगामातल्या डेटाबेसचा डम्प तेवढ्यात होईलच असं नाही, तेव्हा ॲनोटेशनमध्ये मुदत वाढवून ठेवा, दहा मिनिटं म्हणा. हुक फसला तर बॅकअप बिघडलेला दाखवायचा की पुढे जायचं, हेही ठरवता येतं. मुळातली निवड ‘फेल’ आहे, ती तशीच ठेवा. डम्पशिवायचा बॅकअप यशस्वी दिसण्यापेक्षा अपयश डोळ्यांसमोर आलेलं बरं.

पायरी ५: पहिली विनंती

एपीआय सर्व्हरच्या पत्त्यापुढे मार्ग असा जातो: एपीआयज, मग व्हेलेरो डॉट आयओ, मग व्ही-वन, मग नेमस्पेसेस, व्हेलेरो आणि शेवटी बॅकअप्स. त्यावर पोस्ट विनंती, सोबत टोकन, आणि अंगात जेसन (डेटा लिहायचा मजकुरी साचा). जेसनमध्ये प्रकार बॅकअप, एक नाव, आणि स्पेक, म्हणजे काय हवं आहे याचा तपशील. नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे, आडव्या रेघा आणि टिंबंच चालतात. नावात तारीख-वेळ घाला, नाहीतर दुसऱ्यांदा तीच विनंती पाठवल्यावर ४०९ (हे नाव आधीच आहे) येतो. ४०३ (परवानगी नाही) आला तर तिसऱ्या पायरीतला रोल तपासा.

स्पेकमध्ये या गोष्टी लिहा. कोणते नेमस्पेस घ्यायचे. कोणतं स्टोरेज लोकेशन. प्रत किती काळ ठेवायची. काहीच न लिहिल्यास ७२० तास, म्हणजे ३० दिवस. आंब्याच्या हिशेबाला ते कमी पडतं, कारण मेमधली चूक कधीकधी ऑगस्टमध्ये पैशांचा मेळ घालताना सापडते. हंगामाच्या अखेरची एक प्रत वर्षभर ठेवा. सीएसआय असेल तर ‘स्नॅपशॉट मूव्ह डेटा’ खरं करा, म्हणजे स्नॅपशॉटमधला डेटा बाहेरच्या स्टोरेजला जाईल. नसेल तर पॉडवर ॲनोटेशन लावून कोणते व्हॉल्यूम फाइल सिस्टिम बॅकअपमध्ये घ्यायचे ते सांगा. दोन्ही मार्गांसाठी प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) व्हेलेरोचा नोड एजंट चालू असावा लागतो.

आणखी एक आकडा आहे, जो शहरातल्या जोडणीवर कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, फोटो धरून ५० जीबी डेटा आहे आणि तुमच्या जोडणीचा अपलोड २० एमबीपीएस. हिशेब केला तर पूर्ण वेगाने सुद्धा साडेपाच तास लागतात. व्हेलेरोची थांबायची मुदत मुळात चार तास आहे, स्नॅपशॉट हलवण्यासाठीही आणि फाइल सिस्टिम बॅकअपसाठीही. म्हणजे कोकणातल्या साध्या जोडणीवर पहिलाच बॅकअप अर्ध्यात तुटणार. पहिल्या वेळी ती मुदत बारा तास करा: स्नॅपशॉटसाठी स्पेकमधल्या ‘आयटम ऑपरेशन टाइमआउट’मध्ये, फाइल सिस्टिमसाठी व्हेलेरो सर्व्हरच्या सेटिंगमध्ये. कोपिया पुढच्या खेपेला बदललेला भागच पाठवतं, त्यामुळे नंतरचे बॅकअप बरेच लवकर होतात. पहिला बॅकअप रात्री लावा, दिवसा पावत्या छापणाऱ्यांचं इंटरनेट अडवू नका.

पायरी ६: उत्तर वाचा, शेवटपर्यंत

आता त्याच मार्गाला पुढे बॅकअपचं नाव जोडून गेट विनंती पाठवा आणि स्टेटसमधला फेज बघा. अर्ध्या-एक मिनिटाने एकदा विचारलं तरी पुरतं.

‘न्यू’ आणि ‘इन प्रोग्रेस’ समजायला सोपे. ‘वेटिंग फॉर प्लगिन ऑपरेशन्स’ म्हणजे ऑब्जेक्टच्या नोंदी झाल्या, पण डेटा अजून वर चढतो आहे. या टप्प्यावर स्क्रिप्ट संपवू नका आणि सर्व्हर बंद करू नका. ‘फेल्ड व्हॅलिडेशन’ म्हणजे विनंतीतच खोट, उदाहरणार्थ स्टोरेज लोकेशनचं नाव चुकलं किंवा ते फक्त वाचण्यापुरतं उघडं आहे. ‘पार्शली फेल्ड’ला लोक बऱ्यापैकी यश मानतात. तसं मानू नका. बुडालेला भाग नेमका ऑर्डरींचा असू शकतो. स्क्रिप्टने ‘कम्प्लीटेड’ सोडून प्रत्येक अंतिम फेजला अपयश समजावं आणि माणसाला कळवावं.

‘कम्प्लीटेड’ आल्यावरही एक तपासणी उरते. व्हेलेरोला जो व्हॉल्यूम घ्यायला सांगितलाच नाही, तो नाही घेतला म्हणून ते तक्रार करत नाही. त्यामुळे व्हॉल्यूम मोजा. फाइल सिस्टिम बॅकअपमध्ये प्रत्येक व्हॉल्यूममागे एक पॉड व्हॉल्यूम बॅकअप हा ऑब्जेक्ट बनतो, स्नॅपशॉट हलवताना डेटा अपलोड हा. दोन्हींवर मूळ बॅकअपच्या नावाचं लेबल असतं. त्या लेबलने यादी मागवा, संख्या पहिल्या पायरीतल्या यादीतून बॅकअपमध्ये घ्यायच्या ठरवलेल्या पीव्हीसींशी ताडून बघा आणि प्रत्येकाच्या प्रगतीत किती बाइट गेले ते वाचा. डम्पचा व्हॉल्यूम काल दोन जीबी होता आणि आज काही केबी, तर फेज काहीही म्हणो, काहीतरी बिनसलं आहे.

पायरी ७: रोजचं वेळापत्रक आणि वादळाची सूचना

रोजच्यासाठी शेड्यूल हा ऑब्जेक्ट तयार करा. त्यात क्रॉनची (कधी चालायचं ते सांगणारी) ओळ आणि बॅकअपच्या स्पेकचा साचा असतो. व्हेलेरोच्या पॉडमध्ये घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. आपल्या पहाटे दोनला बॅकअप हवा असेल तर साडेपाच तास वजा करून आदल्या दिवशीचे २०:३० लिहायचे. क्रॉनमध्ये मिनिटाच्या जागी ३०, तासाच्या जागी २०.

एपीआयचा खरा उपयोग वेळापत्रकाबाहेर होतो. नवं रिलीज टाकण्याआधी बॅकअपची विनंती, ‘कम्प्लीटेड’ येईपर्यंत वाट, मगच रिलीज, अशी साखळी बांधता येते.

आणि वादळ. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची पूर्वसूचना चार टप्प्यांत देतो: साधारण ७२ तास आधी प्री-सायक्लोन वॉच, ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग आणि १२ तास आधी किनाऱ्यावर आल्यानंतरचा अंदाज. तुमचा अपलोड पाच तासांचा असेल, तर वॉर्निंगची वाट बघणं धोक्याचं आहे. वीज आणि इंटरनेट वादळाच्या आधीच डळमळू लागतात. पहिल्या टप्प्यालाच पूर्ण बॅकअप घ्या, मग दर सहा तासांनी फक्त डेटाबेसच्या नेमस्पेसचा छोटा. ही विनंती एका बटणावर किंवा एका कमांडवर ठेवा, म्हणजे त्या दिवशी कार्यालयात जो असेल त्याला ती पाठवता येईल. चिपळूणसारख्या पुराला मात्र एवढी आधी सूचना मिळत नाही. तिथे भरवसा रात्रीच्या बॅकअपवरच.

पायरी ८: परत आणून बघा

रिस्टोअर हाही ऑब्जेक्टच. त्याच्या स्पेकमध्ये बॅकअपचं नाव द्या आणि नेमस्पेस मॅपिंगमध्ये जुन्या नेमस्पेसपुढे नवं, तपासणीचं नाव. त्याच नेमस्पेसमध्ये रिस्टोअर केलंत तर आधीपासून असलेले ऑब्जेक्ट व्हेलेरो वगळतं. पीव्हीसी आधीच असेल तर त्यातला डेटा बदलत नाही, आणि तुम्हाला वाटतं जुना डेटा आला.

तपासणीत एक धोका असतो: परत उभं राहिलेलं ॲप खरंच काम करू लागतं. ऑर्डर निघाल्याचे एसएमएस पाठवणारा क्रॉनजॉब उठला की ग्राहकांना जुने संदेश जातात. म्हणून रिस्टोअरमधून क्रॉनजॉब आणि इंग्रेस (बाहेरच्या विनंत्या ॲपकडे आणणारा दरवाजा) वगळा, आणि नव्या नेमस्पेसमध्ये बाहेर जाणारी वाहतूक अडवणारी नेटवर्क पॉलिसी आधीच लावून ठेवा. के-थ्री-एसमध्ये अशा पॉलिसी पाळल्या जातात. दुसरीकडे तुमचं नेटवर्क प्लगिन त्या पाळतं का, ते बघून घ्या.

मग डम्प रिकाम्या पोस्टग्रेसमध्ये भरा आणि शेवटच्या ऑर्डरीची वेळ बघा. ती बॅकअपच्या वेळेच्या जवळची हवी. दोन-चार फोटो उघडून बघा. हे महिन्यातून एकदा आणि मे संपायच्या आत एकदा नक्की.

पायरी ९: जुन्या प्रती काढताना

बॅकअप ऑब्जेक्टवर थेट डिलीट विनंती पाठवली तर क्लस्टरमधली नोंद जाते, ऑब्जेक्ट स्टोरेजमधला डेटा तसाच राहतो. थोड्या वेळाने व्हेलेरो स्टोरेज वाचतं आणि ती नोंद पुन्हा उगवते. खरंच पुसायचं असेल तर डिलीट बॅकअप रिक्वेस्ट हा ऑब्जेक्ट तयार करावा लागतो. हे काम मुदतीवरच सोडावं असं मला वाटतं. हाताने पुसण्याची वेळ आलीच तर दोघांनी मिळून नावं वाचून मगच.

पायरी १०: सगळंच गेलं तर

नवं यंत्र घाटावर उभं करा किंवा क्लाउडवर भाड्याने घ्या. त्यावर तेच के-थ्री-एस आणि व्हेलेरोची तीच आवृत्ती. व्हेलेरो चालू करण्याआधी रिपॉझिटरीच्या पासवर्डचं सिक्रेट तयार करा, नंतर केलंत तर व्हेलेरो उघड पासवर्डचं सिक्रेट स्वतः बनवून मोकळं झालेलं असेल. स्टोरेज लोकेशन ‘रीड ओन्ली’ ठेवा, म्हणजे घाईत हात लागून काही पुसलं जाणार नाही. लोकेशन ‘अव्हेलेबल’ झालं की मिनिटभरात जुने बॅकअप यादीत दिसू लागतात. जुन्या क्लस्टरमध्ये होते त्याच नावाचे स्टोरेज क्लास इथे आहेत ना, ते बघा. मग शेवटचा ‘कम्प्लीटेड’ बॅकअप निवडून रिस्टोअरची विनंती पाठवा आणि त्याचा फेज वाचत बसा. डम्प भरून झाला, शेवटची ऑर्डर दिसली, की मगच डोमेनचा पत्ता नव्या यंत्राकडे वळवा आणि स्टोरेज लोकेशन पुन्हा लिहिण्यासाठी उघडा, म्हणजे त्या रात्रीचा बॅकअप नव्या जागेवरून जाईल.